मदत हवी आहे: पार्क बंद असताना रोलर कोस्टर कसा उभा राहतो, हे मुलांना समजावायचं आहे

डिचोलीची_टीचर

नमस्कार मंडळी,

मी डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात आठवी-नववीला विज्ञान शिकवते. आमच्या वर्गात पाच-सहा मुलामुलींचा एक गट आहे, त्यांना रोलर कोस्टरच्या बांधकामाचं विलक्षण वेड आहे. बसण्याचं वेड समजू शकतं, पण ह्यांना बांधकामाचं! गटातली एकच मुलगी खोपोलीच्या इमॅजिका पार्कमधल्या ‘नायट्रो’ कोस्टरमध्ये बसून आलेली आहे, बाकी कोणी जत्रेतल्या आकाशपाळण्यापलीकडे गेलेलं नाही.

अमेरिका-युरोपातली बरीच मनोरंजन पार्कं थंडीत बंद असतात आणि नवीन राइडचं काम तेव्हाच जोरात चालतं. काही पार्कं कामावर कॅमेरा लावून ठेवतात, चाहते रस्त्यावरून फोटो काढून टाकतात. अमेरिकेतल्या ओहायोत सकाळचे साडेसात वाजतात तेव्हा थंडीच्या दिवसांत आपल्याकडे संध्याकाळचे सहा. म्हणजे तिकडे क्रेन सुरू होते आणि इकडे ह्यांची शिकवणी सुटते. मग एकाच्या घरी सगळे जमतात. कोणता खांब कालच्यापेक्षा नवा, कोणता रूळ ट्रकवरून उतरला, सगळं वहीत टिपून ठेवतात. ती वही मी पाहिली आणि मला भरून आलं. प्रयोगवहीत इतकं नेटकं निरीक्षण मला कधी मिळालं नव्हतं.

आता गावच्या वाचनालयात प्रदर्शन आहे. तिथे मराठीतून मांडायचं आहे, कारण ऐकायला आजी-आजोबासुद्धा असतात. मुलांच्या प्रश्नांपैकी काहींची खात्रीची उत्तरं माझ्याकडे नाहीत:

बर्फ पडत असताना पाया कसा ओततात? कारखान्यात वेगवेगळे बनलेले रुळाचे तुकडे हवेत एवढ्या उंचावर नेमके कसे जुळतात? माणूस बसण्याआधी कसं तपासतात? आणि सगळा रूळ जोडून झाला तरी उघडायला इतका वेळ का लागतो? शेवटचा प्रश्न त्यांना फार छळतो. शेवटचा तुकडा बसला त्या दिवशी ह्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यानंतर कॅमेऱ्यात काहीच हलेना.

ह्यातलं काम कोणी केलं असेल, जवळून पाहिलं असेल, तर कृपया सांगा. थोडं सविस्तर चालेल.

नटबोल्ट

टीचर, मी बांधकाम खात्यातला नाही, पण पुलांच्या कामावर बरीच वर्षं काढली आहेत. पायाचं मी सांगतो.

काँक्रीट ‘वाळत’ नाही, सिमेंट आणि पाणी ह्यांची रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं. थंडीत ती क्रिया मंदावते. ताज्या काँक्रीटमधलं पाणी गोठलं तर ते फुगतं, आतल्या आत भेगा पडतात आणि ती ताकद पुन्हा कधीच येत नाही. म्हणून तापमान साधारण ५ अंश सेल्सिअसच्या खाली जाणार असेल तर खास काळजी घ्यावी लागते. मिश्रणात गरम पाणी वापरतात, ओतल्यावर वरून जाड उबदार पांघरुणं घालतात, गरज पडली तर तंबू ठोकून आत हीटर लावतात. शिवाय पाया इतका खोल न्यावा लागतो की जमीन गोठते त्या थराच्याही खाली जाईल, नाहीतर गोठलेली माती फुगून पाया उचलते. म्हणून शक्य असेल तिथे पायाचं काम कडाका पडण्याआधी, शरदातच उरकून घेतात. मुलांनी जुने फोटो तारखेप्रमाणे लावले तर दिसेल: आधी नुसते खड्डे आणि सळ्या, मग पोलाद.

आपल्याकडे उलटं आहे. आपला ऑफ-सीझन म्हणजे पावसाळा. मे संपता संपता किनाऱ्यावरचे शॅक उतरवतात, १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, आणि खोदकाम करणारा प्रत्येक जण त्याआधी जमिनीच्या वर येण्याची घाई करतो. हे उदाहरण दिलंत तर वाचनालयातल्या आजोबांना पार्क न बघताही वेळापत्रक कळेल.

रूळ जुळण्याचं गुपितही पायातच आहे. काँक्रीट ओतताना त्यात उभे बोल्ट बसवतात, ते पोलादी साच्यात धरून ठेवलेले असतात म्हणजे हलत नाहीत. मग सर्व्हेअर टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारी तिपाईवरची दुर्बीण) लावून प्रत्येक बोल्टाची जागा मोजतो. खांबाची तळपट्टी त्या बोल्टांवर बसते, खालचे नट वरखाली करून खांब ओळंब्यात आणतात, आणि पट्टीखालची फट न आकसणाऱ्या ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ मिश्रणाने, भरतात. खाली दोन मिलिमीटरचा कल राहिला तर वर तो कितीतरी पटीने वाढतो. हे त्रिकोणमितीचं गणित नववीच्या मुलांना सहज जमेल.

ओहायोवाली

टीचर, मी मूळची म्हापशाची, लग्न होऊन इकडे आले. सँडस्कीचं सीडर पॉइंट आमच्यापासून गाडीने जाण्याजोगं आहे. ईरी सरोवरात घुसलेल्या जमिनीच्या पट्ट्यावर ते पार्क आहे आणि हिवाळ्यात तिथला वारा अंगाचं सालटं काढतो. पोलाद थंडीतही जोडता येतं, पण वारा ठराविक मर्यादेपलीकडे गेला की क्रेनने जड तुकडा उचलता येत नाही. तुमच्या मुलांना कॅमेऱ्यात ‘आज कोणीच नाही’ असं दिसलं तर ते बऱ्याचदा वाऱ्यामुळे असतं.

चाहत्यांनी बांधकाम कसं वाचलं ह्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण तिथलंच आहे. ‘मीन स्ट्रीक’ नावाचा १९९१चा प्रचंड लाकडी कोस्टर सप्टेंबर २०१६मध्ये बंद झाला. पुढे काय, ह्यावर पार्क गप्प. पण लाकडी सांगाडा पाडला नाही, त्याच्यावर काम चाललेलं लोकांना दिसत होतं. जुना रूळ निघतोय आणि नवा पोलादी येतोय एवढ्यावरून चाहत्यांनी ओळखलं की आयडाहोच्या रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन ह्या कोस्टर बांधणाऱ्या कंपनीचं काम आहे. ऑगस्ट २०१७मध्ये अधिकृत घोषणा झाली आणि मे २०१८मध्ये ‘स्टील व्हेंजन्स’ उघडला. दोन हिवाळे लोक सरोवराच्या काठावरून त्या सांगाड्याकडे बघत होते! त्या काळातले फोटो भरपूर सापडतील, प्रदर्शनात क्रमाने लावा.

एक विनंती मात्र मुलांना आवर्जून सांगा. पुढे कधी अशा ठिकाणी गेलात तर फोटो सार्वजनिक रस्त्यावरूनच काढायचे. कुंपण ओलांडायचं नाही, ड्रोन उडवायचा नाही. खाली काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर लोखंड लटकत असतं.

डिचोलीची_टीचर

नटबोल्टदादा, ओहायोवाली ताई, देव बरें करो. शरदात खड्डे आणि मग पोलाद, हे मुलांच्या वहीत खरोखर तसंच आहे, फक्त त्यांना कारण माहीत नव्हतं. आज शाळेच्या झेंड्याच्या खांबाला ओळंबा लावून बघितला सगळ्यांनी.

तपासणीबद्दल कोणी सांगेल का?

वेग_आणि_वळण

मी सांगतो. ह्या विषयावर मी रात्ररात्र बोलू शकतो.

रूळ पूर्ण झाला म्हणजे निम्मं काम झालं असं धरा. कंट्रोलच्या तारा, सेन्सर, ब्रेक, फाटकं, सीटबेल्टची कुलुपं हे सगळं त्यानंतर जोडलं जातं आणि ते कॅमेऱ्यात दिसत नाही. तुमच्या मुलांना ‘काहीच हलेना’ वाटलं ते दिवस सगळ्यात दाट कामाचे असतात.

मग गाडी रुळावर चढवतात. काही ठिकाणी ती आधी दोरखंडाने हळूहळू ओढून पूर्ण फेरी काढतात, बसणाऱ्याचा पसरलेला हात कुठे आपटत नाही ना हे बघायला. त्यानंतर रिकामी गाडी सोडतात, पुढे माणसांच्या आकाराच्या पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाहुल्या बसवून. गाडीत प्रवेगमापक (वेग किती झपाट्याने बदलतो ते मोजणारी यंत्रं) असतात, ते आकडे नकाशावरच्या गणिताशी ताडून बघतात. थंडीत वंगण घट्ट, चाकं कडक, त्यामुळे गाडी रडतखडत चालते आणि कधी दोन टेकड्यांमधल्या खोलगटात अडकूनही बसते. तीच गाडी उन्हाळ्याच्या दुपारी कितीतरी वेगाने पळते. म्हणून एका दिवसाची चाचणी पुरत नाही, वेगवेगळ्या हवेत घ्यावी लागते.

आणि ब्लॉक. सबंध रूळ भागांमध्ये वाटलेला असतो, एका भागात एकावेळी एकच गाडी. पुढचा भाग मोकळा झाल्याची खूण मिळाली नाही तर मागची गाडी आपोआप थांबली पाहिजे. चाचणीत ही चूक मुद्दाम घडवून आणतात: सेन्सर बंद करायचा आणि गाडी थांबते का बघायचं. मला विचाराल तर मुलांनी मांडणीत ह्याच भागाला सर्वांत जास्त जागा द्यावी. उंचीचे आकडे सगळेच सांगतात.

घाई का करू नये ह्याचं उदाहरण त्याच सीडर पॉइंटचं. ४२० फुटांचा ‘टॉप थ्रिल ड्रॅगस्टर’ नव्या रूपात ‘टॉप थ्रिल २’ म्हणून ४ मे २०२४ला उघडला, आणि साधारण आठवडाभरात बंद झाला. गाड्यांमध्ये बदल करावे लागले, तो सबंध मोसम गेला, २०२५मध्ये पुन्हा सुरू झाला. चाहते हळहळले, पण ज्या गाडीत माणसं बसवायची ती थांबवून दुरुस्त करणं हेच बरोबर होतं.

आता नववीच्या मुलांसाठी एक गणित. उंचावरून खाली आल्यावरचा वेग म्हणजे २ × गुरुत्व त्वरण × उंची, ह्याचं वर्गमूळ. सीडर पॉइंटच्याच ‘मिलेनियम फोर्स’ कोस्टरची (वर्ष २०००) पहिली घसरण ३०० फूट म्हणजे ९१.४ मीटर. उत्तर येतं सेकंदाला सुमारे ४२.३ मीटर, म्हणजे ताशी १५२ किलोमीटर. जाहीर वेग आहे ताशी ९३ मैल, म्हणजे १५० किलोमीटर. ‘स्टील व्हेंजन्स’ची घसरण २०० फूट, ६१ मीटर. सूत्राने ताशी १२४, प्रत्यक्षात ७४ मैल, म्हणजे ११९ किलोमीटर. उरलेला फरक कुठे गेला, हा प्रश्न मुलांना सोडवू द्या. ‘टॉप थ्रिल २’ला उलटं लावा: ४२० फूट म्हणजे १२८ मीटर चढायला किमान किती वेग लागेल? सूत्र सांगतं ताशी १८०. पार्क सांगतं १२० मैल, म्हणजे १९३. वरचे १३ कशासाठी, विचारा त्यांना.

जत्राप्रेमी

वरची सगळी उत्तरं सुंदर आहेत, पण टीचर, मुलांना काहीतरी हाताच्या अंतरावर दाखवा ना. आपल्या जत्रेतला आकाशपाळणा उभा राहताना बघितला आहे का त्यांनी? म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेआधी किंवा वास्कोच्या सप्ताहाआधी तिथे जाऊन मालकाला नीट विचारा, लांब उभं राहून बघू देतात.

मी एकदा सबंध दुपार बघत बसलो होतो. पाया नसतोच, मैदानावर लाकडी ठोकळे रचतात आणि त्यावर पोलादी चौकट. एक म्हातारे मिस्त्री पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन चौकटीच्या चारही कोपऱ्यांना लेव्हल बघत होते. एका कोपऱ्यात पाणी नखभर खाली दिसलं. त्यांनी ठोकळा काढायला लावला, खाली पातळ फळी सरकवली, पुन्हा नळी धरली, मान हलवली, पुन्हा काढला. जत्रेची वीज आलेली, दुकानं लागायला लागलेली, मालक घड्याळ बघतोय, आणि मिस्त्री शांतपणे तिसऱ्यांदा ठोकळा काढतायत. मग दोन्ही बाजूंचे पाय उभे केले, आस चढवला, आरे एकेक करून समोरासमोर लावले म्हणजे वजन एकीकडे जात नाही. पाळणे सगळ्यात शेवटी, तेही एक इकडचा, एक समोरचा. संध्याकाळी वाळूची पोती बसवून चाक फिरवलं.

नटबोल्ट ह्यांनी सांगितलेला सर्व्हेअर आणि हे मिस्त्री एकच काम करतात. फरक एवढाच की ह्यांच्याशी मुलं मराठीत बोलू शकतील.

डिचोलीची_टीचर

जत्राप्रेमी, हे वाचून दाखवलं तेव्हा वर्गात एकदम शांतता झाली आणि मग एकजण म्हणाला, “टीचर, त्यांना प्रदर्शनाला बोलावूया.” मिस्त्रींना खुर्ची देऊन बसवायचं आणि लोकांनी त्यांना प्रश्न विचारायचे, असं ठरतंय. ते ओळखीचे असतील तर कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवा.

वेग_आणि_वळण, तुमची तिन्ही गणितं फळ्यावर आहेत. हरवलेल्या वेगासाठी ‘हवा’ आणि ‘चाकं’ ही उत्तरं लगेच आली. १३ किलोमीटरवर अजून वाद चालू आहे, मी मध्ये पडलेले नाही.

आता शेवटचं. एक छोटं चालतं मॉडेल करायचं आहे, खर्च फार नको. गोटी फिरेल असं काही सुचवाल का? मुलांना त्यात पूर्ण गोल फेरा हवाच आहे.

वेग_आणि_वळण

एसीच्या तांब्याच्या नळीवर जे काळं मऊ फोमचं आवरण असतं ते घ्या. लांबीत उभं कापलं की दोन अर्धे नाले होतात. रुंद टेपने जोडायचे, खांबांना बांबूच्या कामट्या. जोडाच्या आतल्या बाजूला कडा राहू देऊ नका, गोटी तिथेच उडते.

गोल फेऱ्यासाठी: गरंगळत जाणारी भरीव गोटी सोडण्याची उंची, फेऱ्याच्या तळापासून मोजून, त्रिज्येच्या किमान २.७ पट हवी. फेऱ्याची त्रिज्या १५ सेंटिमीटर असेल तर साडेचाळीस सेंटिमीटर. हा घर्षण नसतानाचा आकडा, फोमवर त्याहून बरंच वर जावं लागेल. किती वर, ते मुलांनी एकेक सेंटिमीटर चढवत शोधायचं आणि वहीत लिहायचं.

नटबोल्ट

ते आवरण एसी दुरुस्तीवाल्यांकडे मिळतं, उरलेले तुकडे कधी फुकटही देतात. जाड भिंतीचं मागा, पातळ असलं की मध्येच वाकतं. आणि मॉडेल फळीवर बसवण्याआधी फळीला लेव्हल लावायला विसरू नका.