टाकीत ऐपटेशिया झालंय, ब्लेडने खरवडू का?

डोंबिवलीकर_काकू

नमस्कार मंडळी. समुद्री माशांची टाकी मुलाची, पण तो नोकरीला बंगळुरूला गेला आणि पसारा माझ्या गळ्यात पडला. दोन फुटी आहे, मागे फिल्टरचे कप्पे, पाणी साधारण ८० लिटर. दोन क्लाउनफिश (सिनेमातला निमो), एक क्लीनर श्रिम्प म्हणजे कोळंबी, दगडावर हिरवे-केशरी झोअँथिड (बटणांसारखे दिसणारे प्रवाळांचे भाऊबंद) आणि कोपऱ्यात झेनिया नावाचं मऊ प्रवाळ. मीठ कालवणं, क्षारता मोजणं, रविवारी पाणी बदलणं हे सगळं आता जमतं. बँकेत जन्म काढलाय, मोजमापाला मी घाबरत नाही.

तर, गणपतीच्या आधी झोअँथिडचा एक नवा तुकडा घेतला होता. त्याच्या बुडाशी तपकिरी, अर्धवट पारदर्शक फुलासारखं काहीतरी होतं. दुकानदार म्हणाला, "राहू द्या मॅडम, निमो त्यात राहील." निमो ढुंकूनही बघत नाही. दिवाळीपर्यंत मात्र ही फुलं दगडभर झाली. चिमटा जवळ नेला की सुर्रकन भोकात शिरतात आणि जाता जाता अंगातून पांढरे बारीक दोरे सोडतात. त्यांच्या मिशा ज्या झोअँथिडला लागतात ते मिटून बसतात ते उघडतच नाहीत.

मुलाने फोटो बघून नाव सांगितलं, ऐपटेशिया, म्हणजे टाकीत तणासारखं माजणारं एक समुद्रफूल (ॲनेमोन). पुढे सल्ले तीन. मुलगा म्हणतो ब्लेडने खरवड. हे म्हणतात दगड काढून उकळत्या पाण्यात टाक, कटकट मिटेल. दुकानदार आता म्हणतो कॉपरबँड बटरफ्लाय न्या, तो सगळं फस्त करतो. मासा महाग आहे म्हणून विचारतेय असं नाही (थोडं आहेच). कुणाचं ऐकू?

खारंपाणी_पुणे

काकू, तिघांचंही ऐकू नका.

आधी ब्लेड. ऐपटेशिया दगडावरून नुसतं सरकलं तरी पायाचे बारीक तुकडे मागे सोडत जातं आणि त्या प्रत्येक तुकड्यातून नवीन उभं राहतं. तुम्ही खरवडलंत तर त्याचंच काम सोपं कराल, वर वेव्हमेकर (पाण्यात लाटा करणारा पंखा) ते तुकडे टाकीभर पेरेल.

उकळायचं तर मनातूनही काढून टाका. हे मी चेष्टेत सांगत नाही. तुमच्या दगडावर झोअँथिड आहेत. त्यांच्यात आणि त्यांच्या भाऊबंदांत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं. १९७१ साली हवाईतल्या पॅलिथोआ या भाऊबंदापासून ते वेगळं करण्यात आलं, आणि निसर्गातल्या अतिजहाल विषांत त्याची गणना होते. दगड उकळला की ते वाफेबरोबर घरभर पसरतं. २०१८ मध्ये इंग्लंडात ऑक्सफर्डशायरमध्ये टाकी साफ करताना हेच विष हवेत पसरलं. घरातले लोक आणि मदतीला आलेले अग्निशमन दलाचे जवान, सगळे रुग्णालयात. त्यामुळे उकळणं नाही, गरम पाणी ओतणं नाही, ब्रशने घासणंही नाही. त्या दगडाला हात लावायचा तर हातमोजे घालूनच, आणि डोळ्यावर चष्मा.

कॉपरबँडला चारशे-साडेचारशे लिटर तरी पाणी लागतं. बरेचसे तर नवीन टाकीत तोंडच उघडत नाहीत, उपाशी मरतात. ८० लिटरात तो विकणाऱ्याची मला कमाल वाटते. निमोचं म्हणाल तर ॲनेमोनच्या हजारावर जाती आहेत, त्यातल्या जेमतेम दहा जातींत क्लाउनफिश राहतात. ऐपटेशिया त्यात येत नाही.

तुमच्यासाठी चुना. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पूड आरओच्या पाण्यात इडलीच्या पिठाइतकी घट्ट कालवा. इन्सुलिनच्या सिरिंजची सुई फार बारीक पडते, जाड सुई घ्या. वेव्हमेकर आणि पंप दोन्ही बंद. सुई अंगात खुपसायला जाऊ नका, खुपसली की ते आत पळतं. वरून, मिशांच्या मधोमध जे तोंड असतं त्यावर अलगद सोडा. खाणं आलंय असं समजून ते स्वतःच ओढून घेतं. पंधरा-वीस मिनिटं पाणी स्थिर ठेवा, मग उरलेला चुना एअरलाइनच्या नळीने ओढून काढा. शेजारच्या झोअँथिडवर पडला तर तेही भाजतील.

एका दिवसात तीन-चारच मारा. चुन्याच्या संपृक्त पाण्याचा पीएच १२.४ च्या घरात असतो, तुमच्या टाकीचा ८.१ ते ८.४. ८० लिटरात हात सैल सोडला तर मासे जातील.

मालवणचो_शंख

काकांना सांगा, उकळायला घरात अंडी आहेत.

रीफवेडा_सातारा

पुण्याचे दादा म्हणतात ते बरोबर, पण कोणीतरी तुम्हाला पेपरमिंट श्रिम्प सुचवणारच, म्हणून आधीच सांगतो. खरा पेपरमिंट ऐपटेशिया खातो (सगळे खात नाहीत, काही नुसते माशांचं खाणं पळवतात). घोळ असा की त्या नावाखाली कॅमल श्रिम्प गळ्यात मारतात. तो झोअँथिड आणि मश्रूम प्रवाळ कुरतडतो. घेताना बघा: पाठीवर कुबड, नाकाचं टोक वर वळलेलं, लाल अंगावर पांढऱ्या रेषा आणि ठिपके दिसले तर तो कॅमल, पैसे खिशात ठेवा. पेपरमिंटचं अंग फिकट, आरपार दिसणारं, त्यावर लाल रेषा, पांढरी नक्षी नाही.

बर्गिया नावाची समुद्री गोगलगाय सगळ्यात खात्रीची, ती ऐपटेशियाशिवाय काही खातच नाही. म्हणूनच ऐपटेशिया संपलं की तीही उपाशी मरते. आपल्याकडे मिळणं कठीण, आणि वेव्हमेकरमध्ये ओढली गेली की खेळ खल्लास.

आणि खाणं जरा हात आखडून घाला. उरलेलं मासे सोडून हेच खातात.

डोंबिवलीकर_काकू

उकळण्याचा विषय घरात कायमचा बंद झालाय. ह्यांनी तुमचं उत्तर दोनदा वाचलं आणि गॅसजवळून उठून गेले.

एक विचारते: पानाच्या डबीतला चुना चालेल का? सासूबाईंच्या डब्यात आहे.

खारंपाणी_पुणे

मूळ पदार्थ तोच, पण डबीतल्या चुन्यात वास, तेल, आणखी काय घातलेलं असतं सांगता येत नाही. शंभर-दोनशे रुपयांसाठी टाकी पणाला लावू नका, रसायनांच्या दुकानातून पूड आणा. कळीचा चुना तर अजिबात नको, तो पाण्यात पडला की स्वतःच उकळतो. आजींचा डबा आजींनाच राहू द्या.

डोंबिवलीकर_काकू

पूड आणली, केलं. पहिल्याने मिशा आत ओढल्या, चुना गिळला आणि आक्रसून पांढरी गाठ झाली. बघायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सकाळी तिथे नुसती पांढरी खपली होती, ती नळीने काढली. भोकातला मोठा मात्र चुना लागायच्या आत पळाला. आणि मेलेल्याच्या कडेला तिळाएवढी तीन दिसतायत, ती आधीची की नवीन?

खारंपाणी_पुणे

आधीचीच, मोठ्याच्या आडोशाला होती. इतक्या लहानांना गिळायला लावायला जमत नाही, वरून चुन्याचा थेंब घालून पुरून टाका. भोकातला दुसऱ्या दिवशी पुन्हा तोंड काढेल. तेव्हाही पळाला तर भोकच रीफच्या इपॉक्सी पुट्टीने बुजवा, मात्र दगडाला दुसरीकडून वाट नाही ना ते बघून.

आता मागचे कप्पे उघडा. अंधारात वाढलेली तपकिरी नसतात, पांढरट असतात, म्हणून नजरेतून सुटतात. पंपाची जाळी आणि ओव्हरफ्लोच्या (पाणी मागच्या कप्प्यात जातं त्या) फटी टॉर्च मारून बघा.