मस्कोव्ही बदकाची मादी चार आठवडे अंड्यांवर बसली आहे. अंडी काढून टाकावीत का?

प्रश्न (कुडाळ, सिंधुदुर्ग)

आमच्या परसात मस्कोव्ही जातीचा एक नर व दोन माद्या असून त्यांच्याबरोबर काही गावठी बदकेही आहेत. एक मस्कोव्ही मादी लाकडांच्या खोपीत चौदा अंड्यांवर खुडूक बसली, त्याला आता चार आठवडे उलटले, तरी एकाही अंड्याला तडा गेलेला नाही. गावठी बदकांची पिल्ले २८ दिवसांत बाहेर येतात, तेव्हा ही अंडी निफळ आहेत, ती काढून मादीला मोकळे करावे, असे शेजारी सांगतात. पिल्ले निघालीच तर त्यांना तांदळाची कणी व घरातली शेंगदाणा पेंड पुरेल का, आणि नर सर्वांमध्ये मोकळा ठेवावा का, हेही जाणकारांनी सांगावे.

पहिले उत्तर

अंडी कृपया काढू नका. मस्कोव्हीची अंडी उबण्यास साधारण ३५ दिवस लागतात, आणि ते दिवस पहिले अंडे घातल्यापासून नव्हे, तर मादी रात्रंदिवस बसू लागल्यापासून मोजायचे असतात. शेजाऱ्यांचा हिशेब गावठी बदकांसाठी बरोबर आहे. ती जंगली मॅलार्ड बदकापासून आलेली आहेत, तर मस्कोव्ही ही मध्य व दक्षिण अमेरिकेतली निराळी जात आहे. शंका असल्यास मादी चरायला उठली की अंधारात प्रत्येक अंड्यामागे बॅटरी धरून पाहावे. या टप्प्यावर जिवंत अंडे हवेची पोकळी सोडून पूर्ण काळे दिसते, निफळ अंड्यातून उजेड आरपार जातो. दुर्गंधी येणारे अंडे मात्र लगेच आणि जपून उचलावे, कारण ते फुटल्यास बाकीचीही नासतात. मादी दिवसातून एकदा उठून पाण्यात डुंबते व ओल्या पिसांनी परत येऊन बसते. तो ओलावा अंड्यांना उपयोगी असल्यामुळे तिला हाकलून परत बसवण्याची घाई करू नये. कवचाला पहिला टवका गेल्यावर पिल्लू बाहेर पडायला एक-दोन दिवस घेते, तेवढ्यात कवच सोलून मदत करणे म्हणजे बहुधा रक्तस्राव ओढवून घेणे होय.

दुसरे उत्तर

खाद्याबाबत मी ठामपणे सांगेन की जुनी किंवा दमट शेंगदाणा पेंड बदकांना अजिबात देऊ नये. तिच्यावरील बुरशीतून अफलाटॉक्सिन हे विष तयार होते आणि ते पचवण्याची ताकद बदकांत कोंबड्यांपेक्षाही फारच कमी असते. कोकणातल्या पावसाळ्यात पेंड कोरडी राहणे कठीणच. नुसत्या कणीवर पिल्ले जगतील, परंतु त्यांना नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लांपेक्षा अधिक लागते व ते कमी पडल्यास पाय वाकडे होऊन पिल्ले बसूनच राहतात. पिल्लांचे तयार खाद्य ओलसर करून द्यावे व त्यात थोडे वाळवलेले यीस्ट मिसळावे. पाण्याचे भांडे चोच व नाकपुड्या बुडतील इतके खोल, पण पिल्लू आत पडून बुडणार नाही इतके अरुंद हवे. बदक प्लेगची लस तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठेवावी; कोंबड्यांच्या राणीखेतच्या लसीने तो रोग टळत नाही.

तिसरे उत्तर

नराचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एका नरामागे चार-पाच माद्या असाव्यात. दोनच असल्या तर तो त्यांना हैराण करतो, आणि गावठी बदकांवर, प्रसंगी कोंबड्यांवरही चढतो, ज्यात कोंबडीला गंभीर इजा होऊ शकते. गावठी मादीपासून त्याला झालेली पिल्ले मांसासाठी उत्तम वाढतात, तैवान व फ्रान्समध्ये तर हा संकर मोठ्या प्रमाणावर मुद्दाम केला जातो; परंतु ती पिल्ले वांझ असतात, त्यामुळे त्यांच्यातून पुढची वीण मिळत नाही. शुद्ध जात टिकवायची असेल, तर अंडी धरण्याच्या काळात नर व मस्कोव्ही माद्या एकत्र, पण गावठी बदकांपासून जाळीने वेगळ्या ठेवाव्यात. जाळी उंच हवी, किंवा एकाच बाजूच्या पंखाची मोठी पिसे कापावीत, कारण या माद्या चांगल्या उडतात व रात्री झाडावर बसतात. खोपीचे दार सायंकाळी बंद करावे, नाहीतर मुंगूस पिल्ले शिल्लक ठेवणार नाही.