सोयाबीनच्या मुळांवर गाठी कमी, आतून पांढऱ्या. रायझोबियम (गाठींत राहून हवेतलं नत्र झाडाला देणारे जिवाणू) लावूनही असं का?

काळीआई: पेरणीला ४० दिवस झाले. बियाण्याला बुरशीनाशक आणि जिवाणू संवर्धक एकत्रच चोळलं होतं. २० दिवसांनी युरियाही दिला. आता काय करावं?

बांधावरून: दादा, दोन्ही एकत्र चोळल्याने बरेच जिवाणू मेले असणार. आधी बुरशीनाशक, ते सुकलं की रायझोबियम, शेवटी स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम पाकीट पुरतं. जिवाणू चिकटावेत म्हणून गुळाचं पाणी थंड करून, जेमतेम ओल येईल एवढंच वापरा. सोयाबीनची साल नाजूक, पाणी जास्त झालं की सुटते आणि उगवण घटते. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. पाकिटावर 'सोयाबीन' लिहिलेलंच घ्या, हरभऱ्याचे जिवाणू इथे चालत नाहीत.

मूळधरा: युरियाचंही कारण आहेच. जमिनीत नायट्रेट आयतं मिळालं की झाड गाठींना अन्न पुरवत नाही. गाठ कापून बघा: गुलाबी म्हणजे लेगहिमोग्लोबिन (गाठीतलं लाल रंगद्रव्य) आहे, नत्र स्थिर होतंय. पांढरी किंवा हिरवट म्हणजे काम बंद. मात्र झाड ओढून उपटू नका, गाठी तुटून मातीत राहतात; कुदळीने ढेकळासह काढून पाण्यात धुवा.

बांधावरून: आणि शेतात पाणी साचत असेल तर आधी चर काढा. हवा नसेल तर गाठी काम करत नाहीत. आता पुन्हा युरिया टाकायची घाई नको, पानं खरंच पिवळी पडतायत का ते पाहा.