मदत हवी आहे: तासाला सगळं लिहितोय, पण वाचायला बसलं की काहीच लागत नाही

उचगावचा_पोरगा
परीक्षा तेवीस दिवसांवर आली. चार वह्या भरल्यात, हात दुखून आला, आणि परवा उघडून बघितलं तर मलाच कळेना काय लिहिलंय. वही-पेन ठेवू की लॅपटॉप घेऊ? तेवढंच सांगा. 'रोज अभ्यास कर' सांगू नका, ते आई सांगते.

टॅबवाला
टॅब घे भावा. मी इंजिनिअरिंगची चारही वर्षं टॅबवर काढली. पाहिजे ते सर्च करून दोन सेकंदात सापडतंय.

शाईपेन
शाईचं पेन वापरा. हस्ताक्षर सुधारतं, मनही शांत राहतं.

उचगावचा_पोरगा
हस्ताक्षराचं विचारलंच नाही मी.

निवृत्त_मास्तर
बाळा, लॅपटॉपच्या नादाला लागू नकोस. २०१४ साली अमेरिकेत प्रयोग झाला होता. टाइप करणारी मुलं सरांचं बोलणं शब्दशः उतरवत होती आणि समजुतीच्या प्रश्नांत मागं पडली.

टॅबवाला
सर, तोच प्रयोग पुढं दुसऱ्यांनी करून बघितला तर तेवढा फरक आला नाही. तेही सांगा की.

निवृत्त_मास्तर
मान्य. पण हा हातानं लिहूनही शब्दशःच उतरवतोय, दुखणं तिथं आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांची पद्धत कर. पानाच्या डावीकडं अडीच इंच पट्टी सोडायची. तासाला फक्त उजवीकडं लिही. घरी गेल्यावर त्या पट्टीत प्रश्न काढ, खाली दोन-तीन ओळींत सार लिही. मग उजवी बाजू झाकून प्रश्नांची उत्तरं तोंडानं द्यायची. नुसतं परत परत वाचलं की येतंय असं वाटतं, पेपरात दगा होतो.

राजारामपुरी_७वी_गल्ली
अरे पण शिकतोय काय हा? दहावी का एमपीएससी? आणि सर फळ्यावर लिहितात का डिक्टेशन देतात?

उचगावचा_पोरगा
लॉ. वर लिहिलंय ना.

राजारामपुरी_७वी_गल्ली
कुठं लिहिलंय? परत वाच.

उचगावचा_पोरगा
बरं, राहिलं. एलएलबी तीन वर्षांचं, पहिलं वर्ष. सर पुस्तक धरून इंग्रजीत बोलत सुटतात. ऐकू येईल ते लिहितो. सकाळी कॉलेज, दुपारनंतर दुकानावर.

झेरॉक्स_झिंदाबाद
मग एवढा घोळ कशाला? सीनियरच्या नोट्स झेरॉक्स मार. आम्ही तेवढ्यावरच पास झालो.

काळा_कोट
जुन्या नोट्स घेताना सांभाळून. १ जुलै २०२४ पासून जुन्या आयपीसीच्या (भारतीय दंड संहितेच्या) जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. जुन्या झेरॉक्समध्ये खुनाची शिक्षा कलम ३०२ असेल, आता ती १०३ मध्ये आहे. फसवणुकीचं ४२० गेलं, ३१८ आलं.

राजारामपुरी_७वी_गल्ली
४२० गेलं? मग आता लोकांना शिव्या कशा द्यायच्या?

झेरॉक्स_झिंदाबाद
पण लॉ घेतलंस ते बेस्ट केलंस. आता मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच, मुंबईच्या खेपा वाचल्या.

काळा_कोट
१८ ऑगस्ट २०२५ पासून कामकाज सुरू आहे. तिथं सीपीआर दवाखान्यासमोर गाडी लावायला जागा मिळेना, तेवढं एक आहे. असो. पोरा, मुद्द्याचं ऐक. कलमाचा मजकूर वहीत उतरवायचाच नाही, तो बेअर ॲक्टमध्ये, म्हणजे नुसत्या कायद्याच्या पुस्तकात, छापलेला आहे. बेअर ॲक्ट समोर उघडा ठेव. सर पुस्तकाबाहेरचं बोलतील तेवढंच टिप: उदाहरण, खटल्याचं नाव, आणि 'पण' म्हणाले की त्यापुढचं सगळं. एक खटला चार ओळींत बसतो. मोहरी बीबी, १९०३, प्रिव्ही कौन्सिल (इंग्रजांच्या काळचं सगळ्यात वरचं कोर्ट). अल्पवयीन मुलानं घर गहाण टाकलं, सावकाराच्या माणसाला वय माहीत होतं. करार मुळातच शून्य. करार कायदा, कलम ११. झालं.

उचगावचा_पोरगा
सर, खरं सांगू का, बारावीपर्यंत मराठी मीडियम. 'कन्सिडरेशन'चं स्पेलिंग आठवेपर्यंत सर दोन वाक्यं पुढं गेलेले असतात.

निवृत्त_मास्तर
हे पहिल्यांदा सांगायचं होतंस रे!

काळा_कोट
मग तासाला मराठीतच लिही, कुणी वही तपासत नाही. कन्सिडरेशन म्हणजे प्रतिफल, करारात वचनाच्या बदल्यात मिळतं ते, कलम २(ड). मोठ्या शब्दांना खुणा कर, क. म्हणजे करार, प्र. म्हणजे प्रतिफल. इंग्रजी शब्द संध्याकाळी पट्टीत भर, त्या निमित्तानं उजळणीही होते. पेपर कुठल्या भाषेत लिहिता येतो ते कॉलेजच्या ऑफिसात आधी विचारून घे. आणि तेवीस दिवसांत चारही वह्या परत लिहून काढायच्या भानगडीत पडू नकोस. जुन्या पानांना नुसते प्रश्न काढ. आज काढलेले उद्या विचार, मग चार दिवसांनी, मग दहा. जे चुकेल ते परत उद्यावर आण.

टॅबवाला
ह्यालाच ॲपमध्ये फ्लॅशकार्ड म्हणतात, फुकट आहे.

निवृत्त_मास्तर
पाठकोऱ्या कागदाचे तुकडेही फुकटच असतात.

उचगावचा_पोरगा
आज करून बघितलं. तासाला दीड पान झालं, एरवी सहा होतात. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा झाकून म्हणून बघितलं. पाच प्रश्नांतले तीन आले. एक साफ विसरलो. पाचव्यात मलाच माझं अक्षर लागेना.

शाईपेन
म्हणूनच म्हणत होतो.