सर्दीच्या गोळीतही त्याच कामाचं औषध असतं

तुम्ही लिहिलंय की सेटिरिझिन या ॲलर्जीच्या गोळीने शिंका थांबल्या नाहीत म्हणून वडिलांना जोडीला सर्दीची गोळीही देता. कृपया हे आधी थांबवा. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत क्लोरफेनिरामिन, म्हणजे जुन्या पिढीचं अँटिहिस्टामिन (ॲलर्जीच्या शिंका-खाज थांबवणारं औषध) असतंच, आणि सेटिरिझिनही त्याच गटातलं. म्हणजे एकाच कामाची दोन औषधं एकदम पोटात जातात. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा, तिथे नाव सापडेल.

माझ्या बाबांना प्रोस्टेटचा त्रास आहे. दोन वर्षांपूर्वी अशीच गोळी घेतली आणि रात्रभर लघवीच झाली नाही, पोट तडतडून फुगलं. पहाटे दवाखान्यात नळी घालावी लागली. डॉक्टरांनी विचारलं, "सर्दीचं काही घेतलंत का?" तोवर आमच्या कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. काचबिंदू असेल तरीही या जुन्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

सेटिरिझिन प्रौढांना दिवसाला १० मिग्रॅ, एकदाच. किडनीचा त्रास असेल तर डोस कमी करावा लागतो. काहींना त्यानेही झोप येते, म्हणून पहिल्यांदा रात्री घ्या आणि सकाळी गाडी चालवण्याआधी अंदाज घ्या. दारू तर नकोच. फेक्सोफेनाडिन या ॲलर्जीच्या दुसऱ्या गोळीने झोप फारशी येत नाही, पण ती पाण्याबरोबरच घ्यायची. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाने ती अंगात नीट शोषली जात नाही.

आणि ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, तर गोळीची वाट बघत बसू नका. तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, तडक हॉस्पिटल गाठा.