गरवण्याचा क्लब: रविवार नको, तिथी धरा

बी-४०३ (सचिव): नमस्कार मंडळी. सभेत ठरल्याप्रमाणे सोसायटीतल्या गरवणाऱ्यांचा, म्हणजे गळाने मासे पकडणाऱ्यांचा, क्लब या वर्षी सुरू करतोय. वेळापत्रकाचा कच्चा विचार असा: दर महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी ६ ते १०, रत्नागिरीची मांडवी जेट्टी. पाऊस असेल तर पुढचा रविवार. वर्गणी, सामान, नियम यांवर जाणकारांनी इथेच लिहावं, म्हणजे सगळं एका जागी राहील.

ए-३०२: सचिवसाहेब, दुसरा रविवार धरू नका. तिथी धरा. सकाळी सहाला कधी पूर्ण भरती असेल, तर कधी जेट्टीखाली नुसता चिखल. मग चार जण रिकाम्या हाताने परततात, आणि तिसऱ्या महिन्यात कोणी येत नाही. गरवण्याचे क्लब बंद पडतात ते याच कारणाने.

हिशोब आपल्या घरातल्या कालनिर्णयावर होतो. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, द्वादशीला ९, त्रयोदशीला पावणेदहा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. हा ठोकताळा आहे, बंदरागणिक फरक पडतो. रत्नागिरीला मुंबईपेक्षा भरती आधी लागते, म्हणून अर्धा-पाऊण तास अलीकडे धरा, आणि आदल्या दिवशी भरती-ओहोटीच्या तक्त्यावर वेळ पक्की करा.

ए-३०२: आता कुठली तिथी चांगली. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीच्या तोंडावर पाण्याला इतकी ओढ असते की १०० ग्रॅमचं शिसंही जागेवर राहत नाही. शेवाळ आणि कचरा तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉन दोराला, गुंडाळतो. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराच्या भरतीला, पाणी जवळजवळ उभं, खाडीत मासा फिरत नाही. मधले दिवस सोन्याचे. दशमी ते त्रयोदशी सकाळची बैठक, पहाटे साडेपाचला गळ पाण्यात, म्हणजे भरतीचे शेवटचे तीन तास मिळतात. पंचमी ते सप्तमी संध्याकाळची बैठक, दुपारी दोनपासून. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्ष धरले तर यात एखादा शनिवार किंवा रविवार बहुतेक महिन्यांत सापडतो.

ए-१०१: काका, भांगाचा दिवस अगदीच फुकट नसतो ना?

ए-३०२: खाडीसाठी फुकट. खडकावरून खोल पाण्यात बोया लावून बसायचं असेल तर भांग चांगला. पाणी निवळ असतं, शिसं कमी लागतं. नवशिक्यांना भांगालाच न्यावं, ओढ नसल्याने माशाने आमिष टोचलं की सोडलं ते हाताला कळतं.

बी-१०४: वर्ष कसं लावायचं ते मी लिहितो. क्लबचं वर्ष नारळी पौर्णिमेला सुरू करावं, पण पाण्यात लगेच उतरू नये. नारळ वाहिला तरी दर्याला नैऋत्येचा जोर असतो. शिवाय श्रावणात निम्मी घरं मासे खात नाहीत. तो महिना सामान तपासण्याचा. गणपतीत कोणाला वेळ नाही, आणि अनंत चतुर्दशीला विसर्जनाची गर्दी असते, तेव्हा किनाऱ्यावर गळ टाकायचाच नाही. पितृपक्षात एक बैठक घेता येईल, पण पकडा आणि सोडा या पद्धतीची. खरा हंगाम आश्विनापासून. काजळी नदीचं गढूळ पाणी ओसरलं की भाट्ये खाडीच्या तोंडावर चोणक (रायगडकडचा जिताडा) आणि तांबोशी लागायला लागते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटे मतलई (जमिनीकडून येणारा) वारा पाठीमागून असतो, फेक लांब जाते, पाणी निवळतं. दुपारनंतर उत्तरेकडचा वारा पाणी उचलतो, तेव्हा अकराच्या आत आटपावं. मार्चपासून उन्हामुळे संध्याकाळ आणि रात्र. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात लाट लांबून येऊ लागते, तेव्हा खडकावरच्या बैठका थांबवाव्यात, आणि जून-जुलैत क्लब बंदच ठेवावा.

सी-३०४: जून-जुलैत शासनाची बंदी यांत्रिक नौकांना आहे ना? १ जून ते ३१ जुलै. किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्याला ती लागू नाही. मग आपण का बंद ठेवायचं?

बी-१०४: बंदी आपल्याला लागू नाही, बरोबर. पण त्याच दोन महिन्यांत बरेच मासे अंड्यावर असतात, आणि त्याच दोन महिन्यांत खडकावरून माणसं वाहून जातात. आपण आपल्यापुरतं बंद ठेवावं आणि ते नियमावलीत लिहावं. त्या काळात गाठी शिकवा, रिळं उघडा, हिशोब पूर्ण करा.

ए-३०२: याला माझा पूर्ण पाठिंबा. लेखी नियम असला की जुलैतल्या एखाद्या उघडिपीच्या सकाळी कोणाला मोह होत नाही.

सी-३०४: पटलं. आता सामानाचं सांगा. घरात रॉड पडून आहेत, पण कोणता चालेल?

ए-१०१: जेट्टी आणि खाडीसाठी १० ते १२ फुटी रॉड, ६० ते १२० ग्रॅम फेकणारा. रील ५००० किंवा ६००० आकाराचं. दोर दोन प्रकारचा चालतो. तंगूस ०.४० मिलिमीटर, नाहीतर ३० पौंड ताकदीची ब्रेड, म्हणजे विणलेला दोर. ब्रेड घेतली तर पुढे ५० ते ६० पौंडाचा तंगुसाचा लीडर, म्हणजे गळाकडचा जाड तुकडा, दीड-दोन वाव (नऊ-बारा फूट) हवाच, कारण कालवं आणि शिंपल्यांवर ब्रेड एकदा घासली तरी तुटते. ब्रेड अडकली तर हाताला गुंडाळून ओढायची नाही, बोट कापतं. लाकडाच्या दांड्याला चार वेढे मारून ओढायची.

खडकाळ जागी शिशाची जोडणी अशी करा: गळ मजबूत लीडरवर, आणि शिसं वेगळ्या वीतभर बारीक दोरावर, १५ पौंडाच्या. शिसं कपारीत अडकतंच. मग नुसता बारीक दोर तुटतो, मासा आणि गळ परत येतात. एकाच जाड दोरावर सगळं बांधलं तर शिशासोबत मासाही जातो, आणि तोंडात गळ घेऊन मरतो.

गळ २/० ते ४/० मापाचे, वळलेल्या टोकाचे, म्हणजे सर्कल हुक. हे घशात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात बसतात. फक्त टोचणी आली की झटका मारायचा नाही. दोर ताठ होऊ द्यायचा आणि सावकाश गुंडाळायचं. झटका मारायच्या सवयीने सर्कल हुक सुटतो, आणि मग लोक हुकाला नावं ठेवतात.

बी-१०४: ड्रॅगचंही, म्हणजे मासा ओढू लागला की दोर सोडणाऱ्या रिळाच्या ब्रेकचंही, सांगा दादा, तिथेच तांबोशी हातची जाते.

ए-१०१: हो. सामान तोलायचा वजनकाटा दोराच्या टोकाला लावून ओढा. दोराच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश वजनाला ड्रॅग सुटला पाहिजे. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो, तर साडेतीन-चार किलोला. तांबोशी टोचली की पहिल्या झेपेत कपारीत घुसते, म्हणून खडकावर थोडा जास्त घट्ट, उघड्या वाळूवर सैल.

आणि रील धुण्याबद्दल, कारण क्लबची रिळं यातच मरतात. ड्रॅग घट्ट करा, म्हणजे वॉशरात पाणी जात नाही. मग गोड्या पाण्याची हलकी धार. नळीने जोरात पाणी मारलं तर मीठ उलट आत बेअरिंगमध्ये ढकललं जातं. पुसून, सुकवून, ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. सगळ्यात आधी अडकतो तो दोर वळवणारा छोटा रोलर. तो फिरायचा थांबला की दोर त्यावर घासून खरबरीत होतो आणि मोठ्या माशाला तुटतो. दर बैठकीनंतर त्यात तेलाचा एक थेंब. रॉडच्या कड्यांमधून कापसाचा बोळा फिरवा. जिथे कापसाचा तंतू अडकेल तिथे कडं चिरलंय, ते बदला.

सी-१०२: आमिष कुठून? आणि ते सोसायटीत कुठे ठेवणार? लिफ्टमध्ये वास नको, आधीच सांगते.

ए-३०२: ताई, रास्त आहे. आमिष क्लबच्या खोलीत ठेवायचं नाही, असा नियम करू. पहाटे मिरकरवाड्याच्या मासळी बंदरातून ताजी कोळंबी, तारली, माकूल (स्क्विड) घ्यायची आणि तिथूनच बर्फाच्या पेटीतून जेट्टीवर. आमिष बर्फाच्या पाण्यात बुडू देऊ नका. गोड्या पाण्याने कोळंबी पांढरी आणि पिळपिळीत होते, गळावरून फेकीतच सुटते. बर्फावर प्लॅस्टिक, वर आमिष. कोळंबी सालीसकट शेपटीकडून ओवा आणि बारीक लवचिक दोऱ्याचे पाच-सहा वेढे द्या. माकुलाच्या बोटभर पट्ट्या मीठ लावून ठेवल्या तर घट्ट होतात, शेंगाळे (मिशांचे, काटेरी मासे) आणि खेकडे लगेच फाडत नाहीत. मासा साफ करायचा तो किनाऱ्यावर किंवा ज्याच्या त्याच्या घरी. पार्किंगच्या नळावर नाही.

सी-१०२: धन्यवाद काका. मग माझी हरकत नाही.

सी-२०१ (डॉक्टर): औषधपेटीबद्दल. आपल्याकडे नेहमीची इजा शेंगाळ्याच्या काट्याची. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांना एकेक, असे तीन काटे, दातेरी आणि विषारी. पाकटाचा, म्हणजे चपट्या, लांब शेपटीच्या माशाचा, काटा शेपटीवर. काटा लागला की आधी जखम धुवा, मग हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवा. उष्णतेने वेदना उतरते. पाण्याचा अंदाज न दुखावलेल्या हाताने घ्या, दुखावलेल्या हाताला चटका कळत नाही. म्हणून गरम पाण्याचा थर्मास पेटीसोबत हवाच. पाकटाचा काटा खोल रुतला असेल, विशेषतः छातीत किंवा पोटात, तर उपसायचा नाही, तसंच रुग्णालयात. धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांचं चालू असावं. गळ डोळ्याजवळ लागला तर हात लावू नका.

पेटीत लांब चोचीची पक्कड, गळ कापता येईल अशी कातरी, जाड हातमोजे, पट्ट्या.

सी-३०४: शेंगाळा लहान असला तर खडकावर टाकून देतात लोक. ते बघवत नाही.

बी-१०४: क्लबमध्ये ते चालणार नाही. शेंगाळ्याचा नर अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळतो. तोंड फुगलेला दिसला तर लगेच सोडायचा. आणि २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने ५४ जातींसाठी पकडायच्या माशाचं किमान माप ठरवून दिलंय. ते कोष्टक छापून मोजपट्टीच्या फळीवर चिकटवू. आपण गळाचे असलो तरी मोठ्या जाळ्यांना जे सांगतो ते आपण पाळलं पाहिजे.

बी-४०३ (सचिव): स्पर्धा घ्यायची का?

बी-१०४: डिसेंबर किंवा जानेवारीत एक. वजनावर घेऊ नका, लांबीवर घ्या. वजनासाठी मासा मरेपर्यंत पिशवीत राहतो. ओल्या फळीवर मासा, त्या दिवशीचं चिठ्ठीवरचं चिन्ह शेजारी ठेवून फोटो, एका सेंटिमीटरला एक गुण, मासा परत पाण्यात. चिन्ह सकाळी जाहीर करायचं, म्हणजे जुना फोटो चालत नाही. जागा चिठ्ठ्या टाकून, दोघांत किमान दहा मीटर अंतर. बोटीवरून गरवायचं असेल तर त्या बोटीला माणसं नेण्याचा परवाना आहे का ते आधी कागदावर बघा. जेट्टीसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात अर्ज द्या. मालवणला सहल काढलीत तर १९८७ पासूनचं सागरी अभयारण्य लक्षात ठेवा, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी त्याच्या गाभ्यात येतं. तिथे गळ नाही.

ए-३०२: सुरक्षेचं मी सांगतो, यात सूट नको. खडकावर जायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं नुसतं उभं राहून लाटा बघायच्या. खडक जिथपर्यंत ओला, तिथपर्यंत लाट येते, हवा शांत असली तरी. परतीची वाट भरतीत बुडते का ते ओहोटीलाच बघून ठेवायचं. टेट्रापॉडवर (किनाऱ्याला टाकलेल्या काँक्रीटच्या चौपायांवर) आणि मिऱ्याच्या बंधाऱ्याच्या दगडांवर बसायचं नाही, फटीत पाय गेला तर माणूस बाहेर निघत नाही. खडकावर आणि रात्री लाइफ जॅकेट अंगात, हातात नाही. २५ मीटर दोर आणि झाकण घट्ट लावलेला रिकामा २० लिटरचा कॅन, हे बैठकीच्या जागी कायम. कोणी पडला तर मागून उडी नाही, कॅन फेकायचा. तटरक्षक दल १५५४, नाहीतर ११२. हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा उंच लाटांचा इशारा असेल तर बैठक रद्द, चर्चा नाही.

बी-४०३ (सचिव): खर्चाचा अंदाज टाकतो. २० सभासद, वर्षाला १,२०० रुपये, म्हणजे २४,०००. लाइफ जॅकेट सहा, ९,०००. दोर, कॅन, विजेऱ्या २,०००. औषधपेटी १,५००. आमिष-बर्फ ५,०००. लेखापरीक्षण ४,०००. राखीव २,५००.

सी-३०४: नोंदणी करायची का?

बी-४०३ (सचिव): माझं मत करावी. सात सभासद पुरतात, धर्मादाय कार्यालयात नोंद होते. बँक खातं, विमा, जेट्टीची परवानगी, सगळं संस्थेच्या नावावर निघतं. पण त्याची बंधनं आत्ताच समजून घ्या. ३१ मार्चला हिशोब बंद, दरवर्षी लेखापरीक्षण, आणि पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज. पदाधिकारी हौसेने बदलतात आणि अर्ज राहून जातो, मग पाच वर्षांनी बँक खात्यावर सही कोणाची हा प्रश्न उभा राहतो.

ए-१०१: मग कोषाध्यक्ष आणि सुरक्षाप्रमुख ही दोन कामं एकाच माणसाकडे नकोत. बैठक रद्द करायचा अधिकार फक्त सुरक्षाप्रमुखाचा, आणि आमिषाचे पैसे वाया जातात म्हणून त्याच्यावर दबाव येता कामा नये.

बी-४०३ (सचिव): मान्य. काका, सुरक्षाप्रमुख तुम्ही व्हा.

ए-३०२: होतो. पण माझ्या जोडीला तरुण माणूस द्या, दोर २५ मीटर फेकणारा. आणि डॉक्टर, थर्मास घेतला की फोटो टाका, एक लिटरचा पुरणार नाही, दोन घ्या.

सी-२०१ (डॉक्टर): दोन सांगितलेत. आश्विन शुद्धातली दशमी दसऱ्याची, ती सोडून द्वादशी-त्रयोदशी बघा. पहिली बैठक खडकावर नको, जेट्टीवरच.

बी-४०३ (सचिव): तक्ता बघून दोनपैकी एक सकाळ रात्री कळवतो. येणाऱ्यांनी नाव, रक्तगट आणि पोहता येतं की नाही, एवढं इथे लिहा.