अर्धशिशी, सायनस की गोळ्यांचीच डोकेदुखी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझ्या पत्नीचे (वय 41) डोके गेली पंधरा वर्षे दुखते. महिन्यातून दोन-तीनदा डावे कानशील ठणकू लागते, मळमळते, उजेड सहन होत नाही आणि जिना चढला तरी ठणका वाढतो, म्हणून ती डोळ्यांवर ओले फडके घेऊन अंधाऱ्या खोलीत पडून राहते. त्या वेळी नाक चोंदते आणि डोळ्यांतून पाणी येते, एवढ्यावरून आम्ही घरच्यांनी त्याला 'सायनस' ठरवून टाकले आणि वर्षानुवर्षे वाफारे घेतले. हा शहाणपणा आमचाच.

गेल्या सहा महिन्यांत मात्र दुखण्याचे रूप बदलले आहे. सकाळी उठतानाच डोक्याला पट्टा आवळल्यासारखे वाटते; मळमळ नसते, कामे उरकता येतात, पण डोके हलके असे होतच नाही. दुखले की फुली आणि गोळी घेतली की गोल, अशी नोंद कालनिर्णयवर ठेवली, तेव्हा मागच्या महिन्यात फुल्या 20 आणि गोल 16 भरले. गोळी दुकानातून सहज मिळणारी, पॅरासिटामॉल आणि कॅफीन एकत्र असलेली.

न्यूरॉलॉजिस्टनी तपासणीनंतर ते पान पाहून सांगितले की मूळ आजार अर्धशिशीच आहे, पण अशा संयुक्त गोळ्या तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्यातून 10 किंवा त्याहून जास्त दिवस घेतल्या, तर त्याच डोकेदुखी चालू ठेवतात. नुसत्या पॅरासिटामॉलसाठी ही मर्यादा 15 दिवसांची आहे. गोळी बंद करून रात्री डोकेदुखी रोखण्यासाठीचे अमिट्रिप्टिलिन 10 मिलिग्रॅम सुरू केले आहे. तिला दमा असल्याने प्रोप्रॅनोलॉल हे त्याच कामाचे दुसरे औषध टाळले.

आज चौथा दिवस असून दुखणे उलट वाढले आहे. ती शाळेत शिकवते. हे किती दिवस चालते आणि या काळात आपण काय केलेत, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद:

मी स्वतः यातून गेलो आहे. गोळी सुटल्यावर साधारण दोन ते दहा दिवस दुखणे वाढते, झोपही बिघडते; वहिनींना शक्य असेल तर आठवडाभर रजा घ्यायला सांगा. अमिट्रिप्टिलिनचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, तोंड कोरडे पडणे आणि सकाळची गुंगी मात्र लगेच जाणवते. 'काहीच फरक नाही' म्हणून ते मध्येच सोडू नये. अगदी असह्य झाले तर काय घ्यायचे, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. मात्र क्षणात शिगेला पोचणारी डोकेदुखी, तापासोबत ताठरलेली मान, किंवा हातापायातली शक्ती जाणे यांपैकी काहीही झाल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आणि गोळीतले कॅफीन आता थांबलेच आहे, तेव्हा त्यांचा रोजचा चहाही याच आठवड्यात तोडू नका. माझ्याकडून नेमकी तीच चूक झाली होती.